पहिलीच्या आधीची गोष्ट

भाषेच्या टेबलावर बसलेल्या सरांनी चित्र पुढे केलं. समोर पाच-साडेपाच वर्षांचा मुलगा. पाणी लावून बसवलेले केस, लग्नातला नवा शर्ट, पायात मोठ्या भावाची चप्पल. चित्रात चिमणी. "बाळा, हे काय आहे?" मुलगा गप्प. सरांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मुलानं आईचा पदर घट्ट धरला. शेजारी अंगणवाडीच्या सेविका उभ्या होत्या. त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "हाई काय शे?" लगेच उत्तर आलं, "चिडी!" आणि कोणी न विचारता पुढचंही आलं. घराच्या आढ्यात चिडीनं घर केलंय, एक अंडं खाली पडलं, मग मांजर आली. सगळं अहिराणीत, हातवाऱ्यांसकट.

सरांच्या हातात त्या मुलाचं विकासपत्र होतं. चित्र पाहून नाव सांगता येतं की नाही, याची नोंद करायची होती. त्यांनी पेन क्षणभर थांबवलं, सेविकांकडे पाहिलं आणि 'येतं' अशी खूण केली.

शिरपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतला एप्रिल महिन्यातला हा शाळापूर्व तयारी मेळावा. आवारात कडुलिंबाच्या सावलीत टेबलं मांडलेली, दारात रांगोळी, सकाळी गावातून निघालेली प्रभातफेरी, आणि जूनमध्ये पहिलीत बसणारी मुलं आयांबरोबर आलेली. असे मेळावे आता राज्यभर भरतात. पण चिडीला चिमणी म्हणता आलं नाही म्हणून मुलाला 'येत नाही' म्हणायचं का, हा प्रश्न शिरपूरसारख्या तालुक्यात जितका टोकदार आहे, तितका तो पुण्या-साताऱ्याकडे नाही. मुलाला शाळेसाठी तयार करण्याचं काम इथे नेमकं कुठून सुरू व्हायला हवं, हे त्या सेविकांनी खाली वाकून दाखवलं, असं मला वाटतं.

तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. दक्षिणेला तापी, तिच्या काठी थाळनेर. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. मधोमध अरुणावतीच्या काठी शिरपूर. गावाला लागून मुंबई-आग्रा महामार्ग. उत्तरेला सातपुडा, आणि पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश. तापीकाठच्या काळ्या जमिनीच्या गावांत घरात अहिराणी बोलतात, गुजर घरांत गुजरी. महामार्गानं सांगवी-पळासनेरकडे निघालं किंवा बोराडी-कोडीदच्या बाजूला वळलं की पावरा आणि भिल्ल वस्ती लागते. तिथे पावरी आणि भिलोरी. या दोन्ही बोली भिली भाषांच्या कुळातल्या. पावरीचं नातं सीमेपलीकडच्या बारेलीशी. शिरपूर शहरात यात हिंदी, उर्दू आणि मराठी मिसळतात. पाठ्यपुस्तकातली मराठी ही या तालुक्यातल्या बहुतेक लेकरांची दुसरी भाषा आहे आणि काहींची तिसरी.

त्यात वयाचा हिशेब. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी मूल ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षांचं व्हावं लागतं. म्हणजे जूनमध्ये शाळेत येताना पुष्कळ मुलं साडेपाचचीच असतात. साडेपाच वर्षांच्या मुलाला एकाच दिवशी नवी जागा, नवी माणसं, नवी शिस्त आणि नवी भाषा भेटते. त्यातलं काहीतरी आधी ओळखीचं करून ठेवणं, एवढाच शाळापूर्व तयारीचा खरा अर्थ.

मेळाव्यांच्या या उपक्रमाचं नाव 'पहिले पाऊल'. करोनाची दोन वर्षं अंगणवाड्या बंद होत्या. २०२२च्या जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांनी अंगणवाडीचं दार जवळजवळ पाहिलंच नव्हतं. तेव्हा पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'प्रथम' या संस्थेच्या साथीनं, केंद्राच्या स्टार्स प्रकल्पाखाली हे अभियान राज्यभर सुरू केलं. एक मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. मेळाव्यात सात टेबलं: नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनात्मक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल उड्या मारतं, रेषेवरून चालतं, चेंडू बादलीत टाकतं, कागदाची घडी घालतं, लहान-मोठं ओळखतं, वस्तू मोजतं, चित्र पाहून बोलतं, घरात कोण कोण आहे ते सांगतं. काय जमलं, काय मदतीनं जमलं, हे विकासपत्रावर येतं. शेवटच्या टेबलावर आईच्या हातात कृतींची कार्डं पडतात.

मेळावा दिसायला छान असतो. फुगे असतात, सेल्फीची चौकट असते, फोटो लगेच गटावर जातात. पण दोन्ही मेळावे मिळून दिवस दोनच. अभियानाचा जीव आहे तो त्या दोन दिवसांच्या मधल्या आठवड्यांत. गावातल्या पाच-सात आयांचा एक गट करायचा, त्यातली एक पुढाकार घेणारी आई, आणि दर आठवड्याला मोबाइलवर येणारी एखादी छोटी चित्रफीत किंवा कार्ड पाहून घरातल्याच वस्तूंनी मुलाकडून काहीतरी करून घ्यायचं. मला या अभियानातली ही सर्वात शहाणी गोष्ट वाटते. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही 'तुझ्या पोराची पहिली मास्तरीण तूच' असं सरकारी कागदावरून प्रथमच कोणी सांगितलं.

मात्र कार्डावर 'आठवडा पहिला, आठवडा दुसरा' असं छापलेलं असतं, आणि शिरपूरच्या आयांचा एप्रिल-मे वेगळ्याच पंचांगावर चालतो. डोंगराकडच्या पाड्यांवर मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं वेचायला जायचं असतं, मेमध्ये तेंदूची पानं. पाणी दूर गेलेलं असतं. लग्नसराई असते. त्यातून पावरा वस्ती गावठाणात दाटीनं नसते. प्रत्येकाचं घर ज्याच्या-त्याच्या शेतात, दोन घरांत हाकेचं अंतर, कधी मध्ये नाला. पाच आयांनी रोज दुपारी एका ओट्यावर जमावं, हे सपाटीवरच्या गावात सोपं आहे, इथे नाही. शिवाय घरातला एकुलता स्मार्टफोन बहुधा घरधन्याच्या खिशात. म्हणून पाड्यांवर जिथे हे काम टिकतं, तिथे ते सेविकांच्या पायांवर टिकतं. त्या घरी येऊन कृती करून दाखवतात, आणि मग आई ते मोहाच्या झाडाखालीही करू शकते.

तापीकाठच्या गावांत अडचण निराळी, आणि ती खरं तर अडचण नव्हेच. तिथे एप्रिल-मेमध्ये आखाजी येते. अक्षय्य तृतीयेचा हा सण खान्देशात दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात. पहिलीत जाणारं पोर आईबरोबर मामाच्या गावाला जातं, ते पंधरा दिवस, कधी महिनाभर. अभियानाच्या भाषेत ते 'अनुपस्थित'. पण त्या महिन्यात त्याला काय काय मिळतं ते पाहावं. झोक्यावर तोल सांभाळणं, मामेभावंडांत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, गाणं ऐकून ठेक्यात पाऊल टाकणं, रात्री खाटेवर आजीची गोष्ट. सात टेबलांपैकी बहुतेक टेबलांचा अभ्यास आजोळी आपोआप होतो. गरज एवढीच की जाताना सेविकांनी आईला सांगावं: तिथेही बोलत राहा, गोष्ट अर्धी थांबवून 'आता काय होईल' असं विचारा, झोक्याचे हेलकावे मोजा. कार्ड माहेरी न्यायचं आहे, हे सांगणारी आई मला अजून भेटली नाही. ते सांगायला हवं.

गोष्टीविषयी जरा सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण शाळेच्या तयारीत तिला लोक चवीपुरती धरतात. अक्षरं, अंक हा अभ्यास; गोष्ट म्हणजे मूल गप्प बसावं म्हणून. वस्तुतः वाचायला शिकण्याआधी मुलाजवळ जे असावं लागतं, त्यातलं बरंच गोष्टीतून येतं. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, मग दार वाजणं. कावळा दार वाजवतो, चिमणी आतून काही कारण सांगते, तो थांबतो, पुन्हा वाजवतो. तिसऱ्यांदा ऐकणारं मूल चिमणीचं उत्तर आधीच देऊन मोकळं होतं. म्हणजे त्याला क्रम कळला, पुढचं ओळखता आलं, कारण आणि परिणाम जोडता आले, आणि एकच वाक्यरचना थोडी बदलून पुन्हा वापरता आली. पुढे छापील ओळ वाचताना डोळा एका शब्दावर असतो आणि मन पुढच्या शब्दाचा अंदाज बांधत असतं, ते हेच. शिवाय सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे समोर नसलेल्या वस्तूबद्दल शब्दांतून चित्र उभं करता येणं. घरात पाऊस नाही, कावळा नाही, तरी मूल भिजतं. पुस्तकाची सारी दुनिया अशी समोर नसलेली असते.

गिजुभाई बधेका यांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांनी १९२०मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातले मास्तर चौथीचा वर्ग हाती घेतात. पहिल्या दिवशी ते मोठ्या उमेदीनं शांततेचा खेळ घेतात आणि मुलं त्यांचा पार धुव्वा उडवतात. कोणी म्याँव करतं, कोणी पाय आपटतं. दुसऱ्या दिवशी मास्तर फक्त गोष्ट सांगायला बसतात. तोच वर्ग सरकत सरकत जवळ येतो आणि सुटीची घंटा झाली तरी हलत नाही. गोष्टीच्या जोरावर पुढे ते भाषा, वाचन, शिस्त सगळं आणतात. नव्वद वर्षांनंतरही, जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिलीच्या वर्गात काय करावं, या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आणि गुजरातेत कशाला जायचं? तापी ओलांडली की अमळनेर. तिथल्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. घर सोडून आलेल्या मुलांचे कपडे धुणारे, खोल्या झाडणारे, त्यांच्यासाठी रोज हातानं लिहून 'छात्रालय' दैनिक काढणारे गुरुजी गोष्ट सांगून मुलांना धरून ठेवत. ती मुलं मोठी होती. पण घरापासून तुटलेल्या मुलाला आधी माया लागते आणि मग पाठ, हे खान्देशाच्या मातीत त्यांनी करून दाखवलं. आश्रमशाळेच्या संदर्भात मला त्यांची आठवण येते. त्याबद्दल पुढे.

अंगणवाडी हे नावही एका अडचणीतून आलं आहे. ताराबाई मोडक गिजुभाईंच्या सहकारी. १९२६मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, पुढे दादरला शिशुविहार. मग १९४५मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कोणी गुरांमागे. तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, पिशवीतलं साहित्य मांडून. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. साहित्य कोणतं? बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या, माती. बाजारातून विकत आणायचं जवळपास काही नाही. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्रानं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा गावोगावी जे केंद्र उघडलं, त्याचं नाव अंगणवाडी.

पन्नास वर्षांत त्या अंगणात काय काय साचलं, हे सेविकांना विचारावं. वजन-उंची, लसीकरणाची यादी, गरोदर मातांची नोंद, घरपोच आहाराची पाकिटं, आदिवासी भागात अमृत आहार योजनेतली अंडी आणि केळी, आणि या सगळ्याची मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये नोंद. रेंज नसलेल्या पाड्यावरून ती भरायला टेकडी चढायची. हे करून उरलेल्या वेळात तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण. डिसेंबर २०२३पासून जानेवारीपर्यंत मानधनासाठी त्यांनी राज्यभर संप केला, तेव्हा अंगणवाड्यांना कुलपं होती आणि आपल्यापैकी कितीजणांच्या ते लक्षात आलं? मुलाच्या शालेय आयुष्याचा पाया जिच्यावर आपण ठेवतो, तिला आपण आजही कर्मचारी म्हणत नाही, मानसेवी म्हणतो. हे चूक आहे.

पुन्हा भाषेकडे येतो, कारण या तालुक्यात सगळे रस्ते तिथेच येतात. अहिराणीत 'ळ' बहुतेक जागी 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. घरी सहा वर्षं 'डोया' ऐकलेल्या मुलासमोर चित्राखाली 'डोळा' लिहिलेलं येतं. त्याच्या कानाला जो आवाज माहीतच नाही, त्याचं अक्षर त्यानं गिरवायचं. हा मुलाचा दोष नव्हे, शुद्ध-अशुद्धाचा तर प्रश्नच नाही. बहिणाबाईंच्या बोलीतही 'डोया'च आहे, आणि त्या बोलीनं मराठी कविता श्रीमंत केली. पावरीचं अंतर याहून मोठं. तिथे आवाजच काय, रोजचे शब्द, क्रियापदांची रूपं, सर्वनामं सगळंच वेगळं.

यावर तोडगा काही नवा शोधायचा नाही. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनानं जीवनशाळा काढल्या. तिथल्या शिक्षकांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी गोळा केल्या आणि मुलांच्या बोलीत पुस्तकं छापली. मूल आधी आपल्या भाषेतली गोष्ट ऐकतं, तिची चित्रं काढतं, मग ती वाचतं, आणि मग मराठीकडे येतं. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही सुरुवातीचं शिक्षण शक्यतो घरच्या भाषेत व्हावं असं म्हटलं आहे. वयाच्या तीन ते आठ वर्षांपर्यंतचा काळ त्यात एकच पायाभूत टप्पा धरला आहे. जुलै २०२१मध्ये केंद्रानं पहिलीच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी 'विद्या प्रवेश' नावाचा खेळांवर आधारलेला कार्यक्रमही दिला. कागदावर सगळं आहे. वर्गात काय होतं, ते ज्याच्या हातात पुस्तक आहे त्या शिक्षकाला पोराची बोली येते का, यावर ठरतं. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलीवर आलेल्या गुरुजींकडून पहिल्या वर्षी पावरी यावी अशी अपेक्षा करता येणार नाही. पण शंभर शब्द? 'ये', 'बस', 'भूक लागली का', 'दुखतंय का', 'आई कुठे गेली', 'शी-शू'. मेळाव्यात मुलाची परीक्षा घेताना एक टेबल शिक्षकांसाठीही मांडावं, जिथे आया शिकवतील आणि गुरुजी शिकतील. मी हे मनापासून सुचवतो.

शहरातलं चित्र वेगळं आहे आणि तिथे माझी काळजी उलट दिशेची आहे. शिरपूर हे शिक्षणाचं गाव म्हणून ओळखलं जातं. फार्मसी आणि अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत लांबून मुलं येतात. त्या वातावरणात साहजिकच घरोघरी घाई आहे. तीन वर्षांचं मूल नर्सरीत, साडेतीनला एबीसीडी, चारला चार रेघी वही, घरी येऊन गृहपाठ. आईबाप खिशाला चिमटा घेऊन फी भरतात आणि वहीत पानं भरलेली दिसली की समाधान पावतात. मला त्यांचा राग येत नाही. पण त्या वहीकडे पाहताना मुलाच्या बोटांकडेही पाहावं. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून पुरती घडलेली नसतात. पेन्सिल मुठीत धरून ते खांद्यापासून हात हलवतं, लवकर थकतं आणि लिहिण्याचा कंटाळा शाळेच्या आधीच शिकतं.

बोटं तयार व्हायला वही लागत नाही. शेंगा फोडणं, ज्वारीच्या दाण्यांतून खडे वेचणं, मटार सोलणं, कणकेचे गोळे, मणी ओवणं, केळीच्या सोपटाचा धागा काढणं. या भागात कपाशी घरोघरी. उललेल्या बोंडातून कापूस काढताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट ज्या पद्धतीनं एकत्र येतात, नेमकी तीच पकड पुढे पेन्सिलीला लागते. एका अंगणात मी पाहिलं: आजीनं आठ-दहा बोंडं नातीपुढे टाकली, नात कापूस काढून एका टोपलीत आणि काटेरी टरफलं दुसऱ्या टोपलीत टाकत होती. टरफल टोचू नये म्हणून तिनं ते कसं धरायचं ते स्वतःच शोधून काढलं. मग सरकी मोजली. एकाच जागी वर्गीकरण, मोजणी, बोटांचा व्यायाम आणि गप्पा. मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अंगणातली दहा बोंडं हा खेळ आहे. शेतातल्या ओळीत दिवसभर वाकून केलेली वेचणी हे मजुरीचं काम आहे, ते कोणत्याही मुलाकडून करून घ्यायचं नाही. वयानं थोड्या मोठ्या मुलांना ऐन हंगामात शाळा बुडवून वेचणीला नेण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही.

आता आश्रमशाळा. तालुक्याच्या उत्तर पट्ट्यातल्या अनेक मुलांसाठी 'शाळेत जाणं' म्हणजे घर सोडून जाणं. आश्रमशाळा पहिलीपासून निवासी. सहा वर्षांचं मूल ट्रंक घेऊन जातं आणि दिवाळीला, होळीला घरी येतं. गरिबीत दोन वेळचं जेवण आणि शिक्षण मिळतं, म्हणून आईबाप छातीवर दगड ठेवून पाठवतात. त्यांच्या निर्णयावर बाहेरून बोट ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण या मुलाची शाळापूर्व तयारी अ-आ-इ ओळखण्याची नाही, हे तरी आपण समजून घ्यावं. त्याला स्वतःची आंघोळ करता यायला हवी, शर्टाची बटणं लावता यायला हवीत, सारख्या दिसणाऱ्या चाळीस ताटांतून आपलं ओळखता यायला हवं. पोट दुखतंय, भीती वाटतेय, कोणी मारलं, अंगाला हात लावला, हे मोठ्या माणसाला सांगता यायला हवं, आणि ज्याला सांगायचं त्याला ते कळायला हवं. रात्री आईची आठवण आली तर काय करायचं, याची गोष्ट त्यानं आधी घरी ऐकलेली असावी.

अशा गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. लेकीकडून भोपळ्यात बसून येणारी म्हातारी हीसुद्धा घर सोडून, वाघ-कोल्ह्याला तोंड देऊन, धष्टपुष्ट होऊन सुखरूप परतणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. परत येणं हा तिचा गाभा. घर सोडून जाणाऱ्या मुलाला जाण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस रोज ही गोष्ट सांगितली, तिचं नाटक केलं, म्हातारीच्या जागी त्यालाच बसवलं, तर दारात उभं राहून रडणारं मूल रडणारच नाही असं नाही. पण आपण परत येणार आहोत, हे त्याला कुठेतरी ठाऊक असेल. आश्रमशाळेच्या अधीक्षिकांनी पहिल्या आठवड्यात तीच गोष्ट पुन्हा सांगितली, तर घरचा एक ओळखीचा आवाज तिथेही भेटेल. एप्रिलच्या मेळाव्याला जवळच्या आश्रमशाळेतली एखादी बाई येऊन बसली, मुलांना तिचा चेहरा दिसला, एवढं जरी झालं तरी खूप आहे. त्याला निधी लागत नाही.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा शिरपूरच्या पाड्यांवर बांधाबांध सुरू असेल. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, काही दक्षिण गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. काही सौराष्ट्रात शेतावर भागिया, म्हणजे वाट्यानं राबणारे, म्हणून. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये भांडी, सरपण, कोंबड्या आणि पाच वर्षांचं पोर. होळीला बहुतेक परततात. म्हणजे पहिलीत जाण्याच्या आधीचे चार-पाच महिने हे मूल उसाच्या फडात असतं, अंगणवाडीच्या पटावर नाव आणि जागेवर कोणी नाही. थोरल्या बहिणीच्या कडेवर किंवा उसाच्या मोळीजवळ झोळीत धाकटं भावंड, आणि हे त्याच्याजवळ राखण. एप्रिलचा मेळावा या मुलाला विकासपत्रावर मागे दाखवणार, हे नक्की.

त्याच्यासाठी काय करता येईल? सेविकांनी निघण्यापूर्वी आईच्या पिशवीत चार-पाच चित्रकार्डं आणि एक खडूचा डबा टाकावा. फडावरच्या कोपीत संध्याकाळी गोष्ट सांगायला काही लागत नाही, आणि सगळ्या दिवसात आई-मुलाला तीच एक वेळ मिळते. ज्या तालुक्यात फड आहे, तिथल्या अंगणवाडीत मुलाला बसू द्यायचं आणि आहार द्यायचा, हे नियमात बसतं. तरी कोणीतरी नेऊन बसवावं लागतं. कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या, हा लेख वाचणाऱ्या कोणाला ते जमण्यासारखं आहे.

आणि खान्देशातल्या वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गावी असाल. घरात आजी असेल, शेजारी एखादी म्हातारी असेल, पाड्यावर ओळखीचं कोणी असेल. तिला अहिराणीत, गुजरीत, भिलोरीत, पावरीत, जी तिची भाषा असेल त्यात, लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगायला बसवा. ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. जमलं तर वहीत जशीच्या तशी उतरवा, 'डोया'चा 'डोळा' न करता. घरातल्या शाळकरी मुलांकडून तिची चित्रं काढून घ्या. आणि एप्रिलचा मेळावा भरण्यापूर्वी ते सगळं आपल्या गावच्या अंगणवाडीच्या सेविकाबाईंना नेऊन द्या. त्यांच्याजवळ मुलांच्या भाषेतली पुस्तकं फार थोडी आहेत.